गजावरची खूण

छप्पन साली संचारबंदी उठली, त्या सकाळी डिलाईल रोडच्या चाळीतला धाकू वडिलांची ठासणीची बंदूक चौकीत जमा करायला निघाला. आधी त्याने नळीत दारू ठासायचा गज सोडून पाहिला. नळी रिकामी असली की गजावरची खूण बरोबर तोंडाशी येते. ती चार बोटं वर राहिली.

त्याने गोळी, चिंध्या, दारू उपसून काढली. पुन्हा गज सोडला. पुन्हा चार बोटं.

“यसू, तू भरलंस काय गो?” त्याने बायकोला विचारलं.

“माका काय कळता त्यातला!”

भरलेली बंदूक घेऊन जिना कसा उतरणार? आणि नळी वळवायची कुठे? चहूकडे बिऱ्हाडं.

धाकू साठ साली वारला. शेजारी गावी परतले. यसू अजून त्याच खोलीत रोज नळी उपसते. गोळ्यांनी सात डबे भरलेत.

काल खूण पाच बोटं वर राहिली.