झाकणाच्या आतली तारीख

शहाद्यातल्या आपल्या दुकानात हिलाल चाळीस वर्षं घड्याळांवर वाकून बसला होता. आता त्याला मान वर करायचाही कंटाळा येई. एका दुपारी ब्राह्मणपुरीची कौसाबाई चावीचं जुनं मनगटी घड्याळ घेऊन आली. तिला आधी कधी पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं.

“मन्हा घरधनी आते कोनलेच वळखतस नही,” ती बाकावर टेकत म्हणाली. “पन हाई टिकटिक वळखतस. काही बदलू नका, भाऊ.”

हिलालने मान डोलावली. तबकडी पिवळी पडली होती, पण ती रंगवली तर अशा घड्याळाची किंमतच जाते. पॉलिशही नको. त्याने फक्त आतलं यंत्र सोडवलं, धुतलं, तेल दिलं. टिकटिक सुरू झाली. कौसाबाई डोळे मिटून ऐकत राहिली.

शेवटी मागचं झाकण राहिलं. त्याच्या आत काळ्या तेलाचा वर्षानुवर्षांचा थर बसला होता. दुरुस्तीची तारीख तिथे सुईने कोरायची त्याची सवय होती. त्याने थर पुसला आणि डोळ्याला भिंग लावलं.

थराखाली वेगवेगळ्या वर्षांच्या चार तारखा होत्या. प्रत्येकीपुढे ‘हि’, त्याच्याच वळणाचा. चौथी तारीख आजची होती.

आज त्याने अजून सुई उचललीही नव्हती.

“बाई, हाई घड्याळ तुम्ही पहिले मन्हाकडे लयेल व्हतं का?”

कौसाबाईने डोळे उघडले नाहीत.

“दर येळले तुम्ही हाईच इचारतस, भाऊ,” ती थकलेल्या आवाजात म्हणाली.