दर रविवारी त्र्याऐंशी

"त्र्याऐंशी," लंकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "गेल्या रविवारीही त्र्याऐंशी. तीन महिने झाले, त्र्याऐंशी! काटा बिघडलाय की तुम्ही?"

"काटा चांगला आहे," खंडेराव सर म्हणाले आणि हळूच उतरून खाटेवर बसले.

सर पंचाहत्तरीला टेकलेले. साखर, रक्तदाब आणि कामातून गेलेले दोन्ही गुडघे. वजन ऐंशीच्या खाली आलं तरच गुडघ्यांचं ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लंकाबाईंना दुसरं काही नको होतं. चाळीस वर्षं दोघं रोज संध्याकाळी जोडीने फिरायला जात. आता दोन वर्षं त्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एकट्याच चालत होत्या, आणि एकट्याने चालण्यात काही राम नव्हता.

म्हणून त्यांनी कंबर कसली. भात बंद झाला, जिलबीला घरबंदी झाली. सरांना वाईट वाटू नये म्हणून त्या स्वतःही बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून पिऊ लागल्या. व्यायाम शिकवायला येणाऱ्या सृष्टीने घोट्यांना वाळूच्या पिशव्या बांधून पाय उचलायला सांगितलं, तेव्हा सुनेची, हर्षालीची, जुनी जीन्स फाडून लंकाबाईंनीच त्या पिशव्या शिवल्या. दर पंधरा दिवसांनी थोडी वाळू वाढवायची. सर ती गच्चीत बसून मन लावून वाढवत. रविवारी व्यायाम आटोपला की लगेच काट्यावर. पोट आडवं येत असल्यामुळे त्यांना आकडा दिसत नसे. तो वाचायचं काम लंकाबाईंचं.

साखर उतरली. रिपोर्ट मोबाइलवर बघून डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. घड्याळ मनगटावर गरागरा फिरू लागलं. वजन तेवढं ढिम्म.

तेवढ्यात नवनाथचा फोन आला. हा सरांचा जुना विद्यार्थी, आता अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर. पंचाहत्तरीनिमित्त निफाडजवळच्या शाळेत सरांची वह्यांनी तुला करायची, आणि त्यांच्या वजनाइतक्या वह्या मुलांना वाटायच्या, असं त्याने आणि त्याच्या वर्गाने तीन महिन्यांपूर्वीच ठरवून सरांना कळवलं होतं. वजन तो सरांना विचारत नसे, काकूंना विचारी. काकूंना खोटं बोलता येत नाही हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

"त्र्याऐंशीच ना काकू? मग लय भारी जमलं! किलोला पाच वह्या बसतात, अन् शाळेत पोरं चारशे पंधरा. एकेकाला एक. सरांना म्हणा, किलोभरबी घटू नका, नायतर पाच पोरं हात हलवत घरी जातील!"

तो हसला. लंकाबाई हसल्या नाहीत. फोन ठेवून त्या सरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आलं लक्षात. खाली कट्ट्यावर बसायला जाता, तिथे कचोऱ्या खाता ना? पोरांच्या वह्यांसाठी?"

"एकसुद्धा खाल्ली नाही."

"त्यापेक्षा नवनाथला सांगा ना, चार वह्या जास्तीच्या आण म्हणून."

"मी कुणाकडे कधी काही मागितलंय का?"

"म्हणजे तुमच्या लेखी मी एकटी फिरले तरी चालेल," लंकाबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी सरांनी नवं जाकीट घातलं. ते सैल झालं होतं. लंकाबाईंनी मनातल्या मनात शिंप्याला दोन शब्द सुनावले.

शाळेच्या मैदानात गूळ तोलायचा जुना दोन पारड्यांचा काटा उभा केला होता. दोन्ही पारड्यांत एकसारखी स्टुलं ठेवली होती. एकावर सर बसले, दुसऱ्यावर वह्या चढू लागल्या. शेवटचा गठ्ठा ठेवला आणि पारडी समोरासमोर आली. टाळ्यांचा कडकडाट झाला. अगदी मागच्या रांगेतल्या शेवटच्या मुलीच्याही हातात वही पडली, तिने ती नाकाला लावून वास घेतला. रागावलेल्या असूनही लंकाबाईही टाळ्या वाजवू लागल्या.

घरी आल्यावर मात्र त्यांचं तोंड पुन्हा उतरलं.

"परवा ऑपरेशनवाल्या डॉक्टरांकडे जायचंय. वजन बघून दारातूनच परत पाठवतील," म्हणत त्या तेलाची वाटी घेऊन खाटेपाशी बसल्या. "दिवसभर ताटकळलात. द्या इकडे पाय, चोळून देते."

त्यांनी सरांचा लेंगा वर सरकवला.

दोन्ही घोट्यांना जीन्सच्या पिशव्या बांधलेल्या होत्या. गच्च भरलेल्या.

वाकून सरांनी दोन्ही पिशव्या सोडल्या, जमिनीवर ठेवल्या आणि भिंतीला धरत काट्यावर चढले.

"वाच," ते म्हणाले.

लंकाबाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"एकोणऐंशी."