भरवशाचे हात

१८८४ च्या उन्हाळ्यात ओहायोतल्या एका गावानं आपल्या बेसबॉल संघात पहिल्यांदाच एक काळा खेळाडू घेतला, ओबादाया प्रिंगल. संघातला गोरा क्लेटस चेंडू फेकायचा आणि ओबादाया समोर उकिडवा बसून उघड्या हातांनी तो झेलायचा. कुठला चेंडू येऊ दे, हे झेलणाऱ्यानं बोटांनी खुणावायचं, अशी रीत.

“काळ्याच्या खुणेवर मी नाचू होय?” म्हणत क्लेटस मनाला येईल तसा फेकायचा. सातव्या आठवड्यात ओबादायाचं बोट मोडलं.

“खेळतोस झकास रे,” मॅनेजर म्हणाले, “पण क्लेटसला तुझ्या हातांचा भरवसा वाटत नाही, त्याला मी काय करू?”

ओबादाया बापाच्या दुकानात परतला, गोऱ्यांच्या दाढ्या करायला. शनिवारी नेहमीसारखा क्लेटस आला, खुर्चीत रेलला आणि मान मागे टाकून म्हणाला, “म्हाताऱ्याला नको सांगूस, तूच कर. दुसऱ्या कुणाच्या हाताचा मला भरवसा नाही.”


ओबादायानं वस्तरा गळ्याला लावला तेव्हा क्लेटस घोरत होता, आणि वस्तरा धरलेलं ते मोडकं बोट अजून वाकडंच होतं.