तेच जहाज

फोर्ट लॉडरडेलच्या बंदराजवळ जहाजसहलींची तिकिटं विकणाऱ्या मार्लाकडे ओडेटबाई त्या आठवड्यात पाचव्यांदा आल्या. खुर्चीत न टेकताच, पर्स उघडत-मिटत त्यांनी विचारलं, "उतरला का गं त्या जहाजाचा भाव?"

मार्ला वैतागलीच. "अहो आजी, दुसरं जहाज त्याच बेटांना जातंय, निम्म्या पैशांत! खिडकीसकट खोली देते."

"नको. मला तेच हवंय."

"त्यात स्वस्त म्हणाल तर तळाची एक खोली उरलीय. समुद्र दिसायचासुद्धा नाही."

"तीच दे. समुद्र कुणाला बघायचाय, पोरी? माझा मुलगा त्या जहाजावर पियानो वाजवतो. सहा वर्षं माझा फोन उचलत नाही. भर समुद्रात आईसमोरून उठून जाईल कुठं?"