सलामी

अठ्ठावन्न साली जयपूरच्या छावणीतले सुभेदार हिंदुराव आदर्श नगरातल्या मराठी मुलींना संध्याकाळी लाठी शिकवत. "मारायला काय, गुंडालाबी येतंय. आपण आधी सलामी द्यायची. समोरच्यानं ती परत दिल्याबिगर काठी उगारायची नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. विमा कंपनीतल्या चांदोरकरांची जयंती ही त्यांची सगळ्यांत चपळ शिष्या. एकदा तिनं घाईघाईत सलामीआधीच वार केला, तर त्यांनी तिला वर्ग संपेपर्यंत सगळ्यांदेखत काठी डोक्यावर धरून उभं केलं. पोर रडली, तरी त्यांनी काठी खाली घेऊ दिली नाही.

पुढच्याच महिन्यात वर्गाहून घरी परतताना एका माणसानं जयंतीला वळणावर अडवलं, कानातलं ओरबाडलं आणि तिला दगडांवर ढकलून तो पळाला. कळल्याबरोबर हिंदुराव दवाखान्यात धावले. तिच्या कानाला टाके होते, मनगट प्लास्टरमध्ये होतं. लाठी खाटेला टेकवून ठेवली होती; तिच्यावर साधा ओरखडाही नव्हता.

"अगं पोरी, काठी हातात हुती की तुझ्या!" हिंदुराव म्हणाले.

त्यांना पाहून जयंती कशीबशी ताठ बसली. शाबासकी मिळणार, याची तिला खात्रीच होती.



"होती ना, काका. मी सलामी देऊन थांबले पण. त्यानं परत दिलीच नाही, मतलब... मी या वेळी नियम नाही मोडला."