उचकीवाला प्लेयर

शिंप्याच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर गचकला आणि त्यातला गाण्यांचा लाडका प्रोग्रामही गेला. कंपनीने तो केव्हाच बंद केला होता. लेकीने नव्या कॉम्प्युटरवर चार प्लेयर टाकून पाहिले, पण प्रत्येकाच्या तालावर कॉलर वाकडीच आली. "बाबा, यात काय कमी आहे?" "लेकाचा अडखळतच नाही!" शिंपी करवादला. जुन्या प्लेयरला आवडत्या गाण्यात दर कडव्याला उचकी लागायची. उचकीसरशी पायडलवरचा पाय थांबायचा, हात कॉलरचं टोक वळवायचा. कोपऱ्यात काजं करणाऱ्या बायकोने सुई खोचली आणि तेच गाणं गायला घेतलं. कडव्यात नेमक्या जागी तीही अडखळली. इतकी वर्षं ऐकून तिला तसंच पाठ झालेलं. पाय थांबला, टोक वळलं, कॉलर सरळ बसली. "सापडला गं प्लेयर!" शिंपी ओरडला. बायकोने लेकीला दटावलं, "मला कुणी अपडेट करायचं नाही हं!"