विसावे नाव

विस्तार अधिकारी साहेब खुर्चीवर बसले आणि हरिहर गुरुजींनी हजेरीपट उघडला. पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत चार ओळी करून बसली होती. शाळेच्या दुसऱ्या शिक्षिका मालिनीबाई मागच्या भिंतीशी उभ्या होत्या. तिसरीच्या ओळीत शेवटी कमळा बसली होती. खरे तर कमळा शाळेत नव्हतीच. धाकटी दोन भावंडे सांभाळायला तिला गेल्या वर्षीच घरी बसवले होते. काल गुरुजी तिच्या बापाला, शिवाला, मळ्यात जाऊन भेटले आणि एका दिवसापुरती तिला मागून घेतली. तिला समजावून सांगितले, राही म्हटले की तू हजर म्हणायचे.

तिसरीतली राही भाद्रपदात तापाने गेली. डोलीतून हातखंब्याच्या दवाखान्यात नेत होते, अर्ध्या वाटेवरच संपली. पहिले दोन महिने गुरुजींच्याने तिचे नाव कमी करवले नाही. मग वरून कागद आला, पट विसाच्या खाली गेला तर शाळेला एकच शिक्षक मिळेल. राहीला धरून पट बरोबर वीस होता. मालिनीबाई बदलून मंडणगडकडे जाणार, असे तालुक्याला बोलतही होते. चारही वर्ग एकट्यावर आले की लोक पोरे काढायला लागतील, आणि मुली आधी, हे गुरुजींना स्पष्ट दिसत होते. त्यानंतर ते नाव आपण नेमके कशासाठी ठेवले आहे, हे त्यांनी स्वतःला विचारले नाही.

हजेरी तिसरीवर आली तेव्हा राहीची आई, हौसा, व्हरांड्याच्या पायऱ्या चढत होती. आज तपासणी आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिच्या हातात पुस्तकपेढीची पुस्तके होती, फडक्यात बांधलेली. तिच्या नवऱ्याने, महिपतने, मुंबईहून पत्रात लिहिले होते, तिची पुस्तके शाळेला देऊन टाक, घरात ठेवू नको. चार महिने तिने टाळले होते.

"राही महिपत गोताड."

"हजर."

हौसा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. गुरुजींनी वर पाहिले आणि त्यांचा पेन थांबला. चालू द्या, असे साहेब म्हणाले, तेव्हा त्यांनी पुढची नावे घेतली.

पट संपल्यावर साहेबांनी चार-पाच मुलांना उठवले. कोणाला पाढा विचारला, कोणाला जिल्ह्यातल्या नद्या. मग बोट कमळाकडे गेले. राही, तू वाचून दाखव, ते म्हणाले. कमळाने शेजारणीचे पुस्तक घेतले. वर्षभर तिने पुस्तकाला हात लावला नव्हता. पहिली ओळ तिने बोट ठेवून, अक्षर अक्षर जोडत वाचली. दुसऱ्या ओळीला आवाज मोकळा झाला. मग ती थांबेचना. पान संपले तशी तिने ते उलटले आणि पुढे वाचू लागली. शेवटी साहेबांनाच पुरे म्हणावे लागले.

साहेबांचे लक्ष दाराकडे गेले. ह्या बाई कोण, त्यांनी विचारले.

गुरुजी हजेरीपट मिटू लागले. मागून मालिनीबाईच हळू आवाजात म्हणाल्या, "राहीची आई."

साहेब माणूस चांगला होता. पुष्कळ वाड्या फिरलेला होता. तो खुर्चीवरून उठून दारापर्यंत आला आणि जरा मोठ्यानेच, सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला.

"बाई, तुमची मुलगी हुशार आहे. हिला चौथीनंतर घरी ठेवू नका. पुढे शिकवा."

सगळी मुले हौसाकडे बघत होती. पहिलीतल्या गोदाने काही सांगायला तोंड उघडले, तशी मालिनीबाईंनी तिला जवळ ओढून घेतले. हौसाने पदर सारखा केला. एकदा कमळाकडे पाहिले.

"होय साहेब," ती म्हणाली. "शिकवीन."

साहेबांनी शेरेबुकात पट वीस, हजर वीस असे लिहून सही केली. चहा घेतला नाही. बाराची एसटी गाठायची होती, म्हणून ते घाटी उतरून गेले.

मालिनीबाई मुलांना घेऊन मागच्या कातळावर गेल्या. गुरुजी टेबलापाशी तसेच उभे राहिले. हौसा आत आली. तिने गाठोडे टेबलावर ठेवले, फडके सोडले, पुस्तके एकावर एक नीट रचली आणि फडके झटकून घडी केली. आता ही आरडाओरडा करेल, गावात सांगेल, करू दे, असे गुरुजींना वाटत होते. शेवटी त्यांनीच हात जोडले. माझे चुकले, म्हणाले. आजच नाव काढून टाकतो, म्हणाले.

हौसाने वरच्या पुस्तकावरून हात फिरवला.

"साहेबाला होय म्हनताना मला बरां वाटलां, गुरजी," ती म्हणाली. "तेवढा येळ ती हुती."

गुरुजी खाली बसले.

कमळा अजून तिसरीच्या ओळीतच होती. मुले बाहेर गेली तरी ती उठली नव्हती. शेजारणीचे पुस्तक तिने मांडीवर धरून ठेवले होते. दोघांचे बोलणे थांबलेले पाहून तिने विचारले,

"गुरजी, उद्या पन मी राही व्हऊ?"

गुरुजींनी हौसाकडे पाहिले. हौसाने तोंडात पदर धरला होता.

खालच्या मळ्यातून कमळाची आई हाका मारू लागली. धाकटे पोर रडत असल्याचेही ऐकू येत होते. कमळे, अगो कमळे. हाक आणखी दोनदा आली. कमळाने ओ दिली नाही.